पोर्तुगालमध्ये लवकर निवृत्ती : सहलीवरून न कळणाऱ्या गोष्टी

पंचेचाळिशी-पन्नाशीत नोकरी सोडायची आणि पोर्तुगालला जाऊन राहायचं, हा बेत पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांच्या गप्पांत हल्ली वरचेवर निघतो. बेत वाईट नाही. पण त्यामागची माहिती बहुधा आठ-दहा दिवसांच्या सहलीतून नाहीतर जुन्या व्हिडिओंमधून आलेली असते. सहलीला गेलेल्या माणसाचा तिथल्या करखात्याशी, हिवाळ्याशी आणि सरकारी दवाखान्याशी संबंध येत नाही. घर करणाऱ्याचा पहिल्याच वर्षी येतो.

‘तिथे फ्लॅट घेतला की राहायचा परवाना मिळतो,’ ही समजूत सर्वांत जुनी. गोल्डन व्हिसाचा स्थावर मालमत्तेचा मार्ग ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाला. काम न करता राहायला येणाऱ्यांसाठी आहे तो डी-7 व्हिसा. त्यात मुख्यतः नियमित उत्पन्न पाहिलं जातं : पेन्शन, घरभाडं, लाभांश, व्याज. किमान रक्कम तिथल्या किमान वेतनाला बांधलेली आहे. 2024 मध्ये ती महिना 820 युरो होती, 2025 मध्ये 870 झाली. जोडीदारासाठी त्याच्या निम्मी आणखी. लवकर निवृत्त होणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. आपली ईपीएस पेन्शन पूर्ण मिळते ती 58व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी घेतली तर दर वर्षामागे 4 टक्के कापली जाते, आणि पन्नाशीच्या आत मिळतच नाही. म्हणजे पंचेचाळीसच्या माणसाला भाडं किंवा लाभांश दाखवावा लागतो. बँकेत मोठी रक्कम आहे एवढ्यावर भागत नाही.

परवाना हातात आला की दुसरा गैरसमज डोकं वर काढतो : ‘उन्हाळा तिकडे, बाकीचं वर्ष नाशिकला.’ पहिला परवाना दोन वर्षांचा असतो. त्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुटक-तुटक मिळून आठ महिने, यापेक्षा जास्त काळ सबळ कारणाशिवाय देशाबाहेर राहिलं तर तो रद्द होऊ शकतो. आठ महिने वर्षाला नव्हेत, दोन वर्षांत मिळून. आईवडील थकलेले असतील, वर्षातून दोन-तीनदा यावं लागणार असेल, तर हे गणित विमानाच्या तिकिटाआधी मांडायला हवं.

मात्र सगळ्यात महाग पडणारी समजूत आहे ती कराची. ‘तिथे निवृत्तांना टॅक्स नाही’ हे एके काळी बरंचसं खरं होतं. 2009 साली आणलेल्या खास सवलतीत परदेशी पेन्शनवर कर लागत नसे. 2020 पासून 10 टक्के लागू झाला, आणि 2024 पासून ही योजना नव्याने येणाऱ्यांसाठी बंदच झाली. तिच्या जागी आलेली सवलत संशोधन आणि नवोन्मेषाच्या क्षेत्रांत काम करणाऱ्यांसाठी आहे, निवृत्तांसाठी नाही. बारा महिन्यांत 183 दिवसांहून अधिक तिथे राहिलात की तुम्ही करनिवासी, आणि मग जगभरातलं उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं. उत्पन्नाच्या चढत्या टप्प्यांवर कमाल दर 48 टक्के. व्याज आणि लाभांशावर साधारणपणे 28. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे इथे भरलेल्या कराची वजावट मिळते. पण कराराचा अर्थ ‘कुठेतरी एकदा भरला की सुटलो’ असा नाही; तिथला दर जास्त असेल तर फरक भरावा लागतो. आणि पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून तिथेही आपोआप करमुक्त, असं धरून चालू नये. निघण्यापूर्वी दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सल्लागाराला दिलेली फी हा या सगळ्या खर्चातला सर्वांत सार्थकी लागणारा पैसा आहे, असं माझं ठाम मत आहे.

इकडची बाजूही लोक विसरतात. कायमचं राहायला गेल्यावर नेहमीचं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. त्यातून कर भरून आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. पीपीएफचं जुनं खातं मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही.

गोव्याबद्दल एक खुलासा हवा. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा जो मार्ग आहे, त्याचा डी-7शी संबंध नाही. तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. डी-7 वर राहणारा भारतीयच राहतो.

आता हवा. ‘युरोपातला उबदार देश’ हे अंगणापुरतं खरं आहे. लिस्बनला जानेवारीत दुपारी पंधराएक अंश असतं, मुंबईकराला थंड पण सोसण्याजोगं. त्रास घरात होतो. इमारतींच्या उष्णतारोधनाचे पहिले नियम 1990 सालचे. त्याआधीच्या असंख्य घरांच्या भिंती उघड्या, खिडक्या एकेरी काचेच्या, मध्यवर्ती हीटिंग नाही. पाऊस बहुतेक ऑक्टोबर ते एप्रिल याच काळात पडतो, त्यामुळे भिंतींना ओल आणि कपाटामागे बुरशी. 2023 च्या युरोस्टॅटच्या आकडेवारीत घर पुरेसं उबदार ठेवता न येणाऱ्यांचं प्रमाण पोर्तुगालमध्ये 20.8 टक्के होतं, युरोपीय संघात स्पेनच्या बरोबरीने सर्वाधिक. म्हणून घर जूनमध्ये पसंत करू नका. पहिला हिवाळा भाड्याने काढा, आणि घराचं ऊर्जा प्रमाणपत्र मागा. भाड्याच्या घरालाही ते बंधनकारक आहे.

‘दवाखाना फुकट’ हे निम्मं खरं. 1979 साली उभी राहिलेली सार्वजनिक आरोग्यसेवा परवानाधारक रहिवाशालाही मिळते, आणि 2022 पासून बहुतेक शुल्कं गेली. पण सुमारे पंधरा लाख लोकांना ठरलेला फॅमिली डॉक्टर नाही, आणि दातांसाठी खासगीतच जावं लागतं. खासगी विमा तब्येत धड असतानाच घ्यावा. लवकर निवृत्त होणाऱ्याला ती संधी असते.

इंग्रजीचं म्हणाल तर लिस्बन, पोर्तो आणि आल्गार्वच्या किनाऱ्यावर हॉटेलात निभतं. करखात्याच्या खिडकीवर नेहमीच निभेल असं नाही. पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी भाषेची ए-2 ही प्राथमिक पातळी लागते, आणि तिच्यासाठी सरकारी वर्ग मोफत आहेत. मी तर म्हणेन, पहिल्या वर्षी बाकी काही जमलं नाही तरी चालेल, हे वर्ग चुकवू नका. पन्नाशीत नोकरी सुटलेल्या माणसापुढे रोजचा अख्खा दिवस मोकळा असतो, आणि तिथले समवयस्क कामावर गेलेले असतात; 2025 मध्ये पूर्ण पेन्शनचं सर्वसाधारण वय 66 वर्षं 7 महिने होतं. लिस्बनला राधाकृष्ण मंदिर आहे, मोझांबिकमार्गे आलेला मोठा गुजराती समाज आहे, तिथल्याच मार्तिम मोनिझ भागात डाळी-मसाले मिळतात. तोमार किंवा काल्दाश द रायन्यासारख्या छोट्या गावात मात्र शेजारीच लागतात. स्थानिक पंचायतीकडून, म्हणजे जुंता द फ्रेगेझियाकडून, रहिवासाचा दाखला काढताना अनेक ठिकाणी त्याच भागातल्या दोन मतदारांच्या सह्या मागतात. त्या कोणाकडून घ्यायच्या, हा प्रश्न गेल्या गेल्याच येतो.