धूळ, धूर आणि सूक्ष्मकण

हिवाळा लागला की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते : शहराच्या हवेत सूक्ष्म धूलिकण वाढले. अशीच एक बातमी मी एकदा वर्गात वाचून दाखवली आणि हे कण कोठून येत असतील, असे विद्यार्थ्यांना विचारले. उत्तरे झटपट आली. उकरलेले रस्ते, बांधकामे, वाळूचे ट्रक, सांबऱ्याच्या रस्त्याकडेला उडणारा धुरळा. चूल कोणी म्हणाले नाही. उसाचे पाचट पेटवतात, तेही कोणाला आठवले नाही. चूक विद्यार्थ्यांची नव्हती. शब्दातच धूळ होती, म्हणून त्यांनी धूळ शोधली.

मूळ इंग्रजी संज्ञा ‘पार्टिक्युलेट मॅटर’ अशी आहे. तिचा अर्थ कणरूप द्रव्य. तिच्यात धुळीचा उल्लेख नाही; ‘धूलि’ आपण मराठीत आणताना जोडली. भाषांतरात अशी भर नेहमीच पडते आणि पुष्कळदा ती निरुपद्रवी असते. येथे मात्र ती वाचकाला चुकीच्या दिशेला पाहायला लावते. म्हणून हे कण कशाचे असतात, हे भाषेच्या अभ्यासकानेही समजून घेतले पाहिजे.

आधी आकार पाहू. ज्यांचा व्यास १० मायक्रोमीटरपर्यंत असतो त्या कणांना पीएम १० म्हणतात आणि २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांना पीएम २.५. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे अडीच मायक्रोमीटरचे पंचवीसेक कण एका केसाच्या जाडीत ओळीने बसतील. वारा पडलेला असताना १० मायक्रोमीटरचा कण तासाभरात सुमारे दहा मीटर खाली येतो. अर्ध्या मायक्रोमीटरचा कण तेवढ्याच वेळात तीन-चार सेंटिमीटर उतरतो. धूळ बसते, सूक्ष्मकण बसत नाही. तो दिवसेंदिवस हवेत राहतो आणि शेकडो किलोमीटर जातो.

हा फरक केवळ मापाचा नाही, जन्माचा आहे. घासणे, फोडणे, दळणे, चाळणे यांतून जे उडते ते बहुधा जाड असते. जात्यावर कितीही बारीक दळले तरी पीठ ते पीठच. त्याहून फार बारीक कण मुख्यतः आगीतून आणि वायूंतून तयार होतात. निपाणी भागातल्या माणसाला हे एका पानावरून सांगता येईल. तंबाखूच्या वखारीत पाला कुटताना, चाळताना जो खकाणा उडतो, तो बायकांच्या नाकातोंडात जातो, शिंका आणि खोकला आणतो. ती खरी धूळ. तोच पाला बिडीत भरून पेटवला की धूर होतो, आणि त्या धुरातले बहुतेक कण एका मायक्रोमीटरहूनही लहान असतात. पान एकच; हात लावला तर धूळ, काडी लावली तर सूक्ष्मकण.

शहराच्या हवेतल्या सूक्ष्मकणांत काय काय असते? थोडी माती असतेच. तिच्यात सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह सापडते. किनाऱ्याजवळ समुद्राचे मीठ असते. डिझेल, लाकूड, कोळसा अर्धवट जळाल्याने होणारी काजळी असते आणि तिच्याबरोबर शेकडो प्रकारची सेंद्रिय कार्बनी संयुगे असतात. धातुकाम आणि टायरांची झीज यांतून जस्तासारखे धातू येतात.

याखेरीज एक मोठा भाग असा आहे, की तो कोणत्याही धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडलेलाच नसतो. कोळसा आणि गंधकयुक्त इंधन जळताना सल्फर डायऑक्साइड निघतो, वाहनांतून आणि भट्ट्यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. हे वायू हवेत आम्ल बनतात. गोठ्यातले शेण-मूत्र आणि शेतातला युरिया यांतून अमोनिया वर येतो. आम्ल आणि अमोनिया एकत्र आले की अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट हे क्षार तयार होतात, तेही सूक्ष्मकणांच्या रूपात. त्यांना दुय्यम कण म्हणतात. शहराचा धूर आणि गावाचा गोठा यांचे असे हवेत मिश्रण होते. या कणाला धूळ म्हणता येत नाही, आणि धूरही नीटसे म्हणता येत नाही.

मग कोणता कण कोठला, हे कसे ओळखतात? हवा गाळण-कागदातून ओढून घेतात, कागद वजन करतात आणि त्यावरच्या थराचे रासायनिक पृथक्करण करतात. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान शिकवतात. येथेही तेच, फक्त धूर डोळ्यांना दिसत नाही. लाकूड किंवा पाचट जळाले की त्यातल्या सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसान नावाचा पदार्थ होतो. तो कागदावर सापडला म्हणजे कोठे तरी काष्ठ किंवा पाला पेटला होता, हे निश्चित. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्ली, मुंबई, चेन्नई, बेंगळुरू, पुणे आणि कानपूर या सहा शहरांचा असा अभ्यास करवून घेतला होता. पीएम १० मध्ये रस्त्याची धूळ आणि माती पुढे असते, पीएम २.५ कडे वळले की ज्वलनाचा वाटा वाढतो, असे त्यातून दिसले.

आपल्या भागात ज्वलनाची ठिकाणे शोधावी लागत नाहीत. पुणे–बेंगळुरू महामार्ग निपाणी आणि बेळगाववरून जातो. फौंड्र्या आहेत, वीटभट्ट्या आहेत, साखर कारखान्यांचे बॉयलर आहेत. गुऱ्हाळाचे चुलवाण चिपाडांवर पेटते. कचऱ्याच्या ढिगाला काडी लावणे हा तर रोजचा प्रकार. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची उबदार अशी तापमानाची विपरीतता होते. वरच्या उबदार थराचे झाकण बसते आणि सगळे खालीच कोंडते. ऊसतोडीचा आणि गुऱ्हाळांचा हंगामही नेमका त्याच दिवसांत येतो.

शब्दाचा हा प्रश्न शेवटी माणसाच्या छातीशी येतो. जाड धूळ बरीचशी नाकात आणि घशात अडते. सूक्ष्मकण फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यांतले अतिलहान रक्तातही उतरतात. हृदयविकार, पक्षाघात आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध सिद्ध झाला आहे. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मधील अभ्यासानुसार २०१९ साली भारतात सुमारे १६.७ लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणामुळे झाले. त्यांत घरातल्या चुलीच्या धुराचे बळीही आहेत. पीएम २.५ साठी भारताची २००९ सालची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असे सुचवले.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत आपल्या एका बाजूला हुबळी-धारवाड आहे आणि दुसऱ्या बाजूला कोल्हापूर, सांगली. बेळगाव त्या यादीत नाही. पण सूक्ष्मकण नगरपालिकेची हद्द पाहत नाहीत. या कार्यक्रमातून शहरोशहरी रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे आले. धूळ दाबण्यास ते उपयोगी आहेत. चुलीवर, पाचटावर किंवा डिझेलवर फवारा चालत नाही. तेथे दुसरे उपाय लागतात : एप्रिल २०२० पासून देशभर आलेले अल्पगंधकी बीएस-६ इंधन, स्वयंपाकाचा गॅस परवडत राहणे, पाचट न जाळता सरीत आच्छादन म्हणून पसरणे. प्रश्नाला आपण धूळ म्हणालो तर उत्तर झाडू येते. ज्वलन म्हणालो तर इंधनाचा विचार सुरू होतो.

मराठीला अशा शब्दांची वाण नाही. धूळ, धुरळा, फुफाटा, खकाणा, काजळी, राख हे सगळे आपलेच. धूर आणि धुके जोडून ‘धुरके’ हा शब्दही आपण सहज घडवला. तेव्हा ‘सूक्ष्म धूलिकण’ याऐवजी नुसते ‘सूक्ष्मकण’ म्हणावे, एवढीच शिक्षकांना आणि लेखकांना माझी सूचना आहे. शब्द लहान होतो आणि अर्थ मोकळा राहतो. पुढच्या हिवाळ्यात ती बातमी वर्गात पुन्हा वाचायची आहे, आणि या वेळी फळ्यावर शब्द बदलून मग प्रश्न विचारायचा आहे.