कान्हेरीचे उलटे भाडेकरू

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे फिरायला येणाऱ्यांची पावलं वाजू लागतात, तेव्हा कान्हेरीच्या बेसाल्टात रात्रपाळी संपत आलेली असते. बौद्ध भिक्खूंनी कोरलेली ही शंभरावर लेणी वटवाघळांना बरी मानवली: आत अंधार, ओल आणि जवळपास कायम सारखं तापमान. मध्य आणि पश्चिम भारतातल्या अशा वटवाघळांचा अभ्यास प्राणीशास्त्रज्ञ आंद्रे ब्रॉसे यांनी केला. त्यावरचे त्यांचे लेख १९६२ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात आले.

किडे खाणारी छोटी वटवाघळं स्वरयंत्रातून उच्च वारंवारतेचा आवाज काढतात आणि प्रतिध्वनीवरून वाट ओळखतात. आपले कान २० किलोहर्ट्झलाच थकतात, म्हणून आपल्याला सारी शांतता! फळं खाणारी बहुतेक वटवाघळं मात्र डोळ्यांवर भिस्त ठेवतात. अपवाद लेण्यांत राहणाऱ्या राउसेटस या फळखाऊ वटवाघळाचा. ते चक्क जिभेने टक् टक् करून अंधार चाचपतं.

आणि दिवसभर लटकून पाय दुखत नाहीत का? नाही. अंगाच्या भारानेच नखांचे स्नायुबंध ताणले जाऊन पकड घट्ट बसते. ताकद लागते ती सुटताना.

बघायला गेलात तर बाहेरूनच बघा. टॉर्च खिशात, तोंड बंद. पिल्लं आईच्या पोटाला चिकटलेली असतात. दचकलेला थवा उडाला की तीच आधी खाली पडतात.