गुडघ्याचे दुखणे आणि श्रमाचा हिशेब

ज्या रोगाने माणूस दगावत नाही, त्याच्याकडे समाजाचे लक्ष सहसा जात नाही. क्षय वा हृदयविकार यांची नोंद मृत्यूच्या कोष्टकात होते आणि शासनाला तिची दखल घ्यावी लागते. सांध्यांची झीज होऊन जडणारा अस्थिसंधिवात मात्र या कोष्टकात जवळजवळ दिसतच नाही. ‘वय झाले, गुडघे दुखायचेच’ एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण होते. वस्तुतः २०२० साली जगातील सुमारे साडेएकोणसाठ कोटी लोकांना हा विकार होता, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. भारतातील रुग्णसंख्या १९९० मधील सुमारे २.३ कोटींवरून २०१९ पर्यंत ६.२ कोटींवर गेली. एवढ्या लोकांचे दुखणे खाजगी राहत नाही. ते श्रमाचे आणि पर्यायाने अर्थव्यवस्थेचे दुखणे बनते.

रोगाची लक्षणे बहुतेक घरांना परिचित आहेत. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते विरळ होते, हाडाच्या कडांना टोके फुटतात, सांध्याचे अस्तर सुजते. जिना उतरताना कळ येते, बसून उठताना आधार लागतो, पुढेपुढे पाय धनुकलीसारखे वाकतात. सकाळी सांधा आखडतो, पण बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. आमवातात हा ताठरपणा बराच अधिक वेळ टिकतो. क्ष-किरण चित्र आणि वेदना यांचा मेळ नेहमीच बसतो असेही नाही. चित्रात झीज मोठी असून माणूस हिंडता-फिरता असतो, तर थोड्या झिजेतही एखादा बेजार होतो.

मग हे रुग्ण कोण? येथे आकडे जपून वाचावे लागतात. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील नोंद म्हणजे समाजाचे चित्र नव्हे. ज्याला रजा मिळते, गाडीभाडे परवडते, ज्याला घरचे कोणी घेऊन येते, तोच तेथवर पोचतो. म्हणून गावोगावच्या पाहणीचे मोल मोठे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी अशी पाहणी सुरू केली. तीत प्रौढांमध्ये अस्थिसंधिवाताचे प्रमाण सुमारे सहा टक्के आढळले. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील पाच ठिकाणच्या पाहणीत चाळिशीपुढील लोकांत गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताचे प्रमाण २८.७ टक्के निघाले. या दोन आकड्यांत विसंगती नाही. एकात सर्व वयांचे प्रौढ आहेत, दुसऱ्यात चाळिशी ओलांडलेले. फरक पडतो तो वयाने, आणि तोही साठीनंतर नव्हे, चाळिशीपासूनच.

स्त्रियांमध्ये, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, हा विकार अधिक आढळतो. वाढते वजन, पूर्वीची दुखापत, आनुवंशिकता यांच्या जोडीला उकिडवे बसून आणि ओझे वाहून होणारे कष्टही सांध्यावर भार टाकतात. भातलावणी, सारवण, पाणी वाहणे, चुलीपुढे बसणे ही कामे बहुतांशी स्त्रियांच्याच वाट्याला येतात. यातील घरकामाची गणना राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. मग त्यात पडलेला खंडही नुकसान म्हणून कोठे मांडला जात नाही. कारकुनाला आजारपणाची रजा असते. मजूर स्त्रीची रजा म्हणजे बुडालेला रोज.

उपचाराचे अर्थशास्त्रही बोलके आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरात असलेल्या प्रकाराची किंमत सुमारे दीड लाखावरून ५४,७२० रुपयांवर आणली. निर्णय स्तुत्य होता. तथापि २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने केवळ सांध्याचे मोल १८४ दिवसांच्या मजुरीइतके होते, आणि त्या वर्षी कायद्याने हमी होती ती १०० दिवसांची. शस्त्रक्रियेचा, औषधांचा आणि नंतरच्या विश्रांतीचा खर्च वेगळाच.

शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय. आधीचे उपाय स्वस्त आहेत. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजनावर नियंत्रण हे त्यांतील मुख्य होत. शरीराचे वजन एक किलोने घटले, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले. उलट दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाल्ल्या, तर जठर आणि मूत्रपिंड यांना अपाय होतो. सल्ला मिळत नाही म्हणून गोळी घेतली जाते, हेच दुर्दैव.

तिशीपुढील नागरिकांची मधुमेह, रक्तदाब आणि प्रमुख कर्करोग यांसाठी तपासणी करण्याचा शासकीय कार्यक्रम आहे. त्याच वेळी ‘जिना चढता-उतरता येतो का, बसून उठता येते का’ हे दोन प्रश्न विचारले आणि उपकेंद्रातच व्यायाम शिकवला, तर त्याला मोठी तरतूद लागणार नाही. २०५० पर्यंत देशात पाचातील एक माणूस साठीपुढचा असेल, असा अंदाज आहे. त्यांतील अनेकांना निवृत्तिवेतन नाही. हातपाय चालतील तोवरच त्यांची कमाई. त्यांचे गुडघे शाबूत राखणे ही दया नव्हे, शहाणपणाची गुंतवणूक होय.