स्टॅटिनची गोळी आणि श्रमिकांचे स्नायू

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील उद्योग स्थापन झाला व पुढील वर्षापासून तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. बुरशीपासून औषध मिळते ही गोष्ट या परिसराला तेव्हापासून परिचित आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन या औषधवर्गाचा उगमही बुरशीतच झाला. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासल्यानंतर १९७३ मध्ये पेनिसिलिअम याच प्रजातीतील एका बुरशीत त्यांना पहिला स्टॅटिन आढळला. अशी पहिली गोळी अमेरिकेत १९८७ साली संमत झाली. ॲटोरवास्टॅटिन, रोझुवास्टॅटिन ही नावे आता आपल्याकडील अनेक कुटुंबांच्या तोंडी आहेत.

भोसरी, निगडी, चाकण या पट्ट्यात पाळी संपवून घरच्या शेतावर उतरणारा कामगार दुर्मीळ नाही. पन्नाशीत हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर त्याला ही गोळी सुरू होते. काही आठवड्यांनी मांड्या व पोटऱ्या दुखू लागतात, आणि "गोळीने पायातली ताकद गेली" असा निष्कर्ष काढून तो गोळी परस्पर बंद करतो. झटका येऊन गेलेल्या रुग्णाने असे करणे म्हणजे दुसऱ्या झटक्याचा धोका वाढविणे होय. ही तक्रार डॉक्टरांच्या आधी अनेकदा शिक्षकांच्या किंवा पंचायत सदस्यांच्या कानी पडते. म्हणून तिच्यात तथ्य किती, हे त्यांना ठाऊक असणे इष्ट ठरेल.

या शंकेला शास्त्रीय आधार आहे. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतील एक विकर स्टॅटिन रोखून धरतो. याच साखळीतून को-एन्झाइम क्यू-१० हा पदार्थही तयार होतो व पेशीतील ऊर्जानिर्मितीला तो लागतो. तेव्हा स्नायूंवर परिणाम होणे असंभवनीय नाही. मात्र या पदार्थाच्या पूरक गोळ्यांनी दुखणे थांबते, असे खात्रीलायकपणे सिद्ध झालेले नाही. त्यावर पैसे खर्च करण्याआधी कामगाराने दोनदा विचार करावा.

प्रत्यक्षात किती जणांना त्रास होतो? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात १९ चाचण्यांतील सुमारे १ लाख २४ हजार व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी स्नायूंच्या दुखण्याची किंवा अशक्तपणाची तक्रार केली. म्हणजे अंग दुखणे हे वयाबरोबर व कष्टाबरोबर येतेच; त्यातील फार थोडा भाग गोळीच्या माथी मारता येतो. तो भाग मुख्यतः पहिल्या वर्षात दिसतो.

दमश्वासाविषयीचे चित्र मात्र इतके सरळ नाही. ४२० निरोगी व्यक्तींना सहा महिने मोठ्या मात्रेत ॲटोरवास्टॅटिन अथवा औषधविरहित गोळी देऊन २०१३ मध्ये झालेल्या तपासणीत दुखण्याच्या तक्रारी दुप्पट झाल्या, पण स्नायूंची ताकद व व्यायामक्षमता घटली नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या, अवघ्या ३७ स्थूल व्यक्तींवरील प्रयोगात बारा आठवड्यांच्या व्यायामाने दमश्वास १० टक्क्यांनी सुधारला. सोबत सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत ही सुधारणा जेमतेम दीड टक्का होती. प्रयोग लहान असला तरी त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याला अपेक्षेइतका लाभ न जाणवण्याची शक्यता त्यातून दिसते.

आपल्या भागाला अधिक जवळचा वाटावा असा अभ्यास नेदरलँड्समधील आहे. तेथे नायमेगेन शहरात दरवर्षी चार दिवस, रोज ३० ते ५० किलोमीटर चालण्याचा उपक्रम होतो. स्टॅटिन घेऊन त्रास होणारे, त्रास न होणारे आणि स्टॅटिन न घेणारे अशा सुमारे शंभर जणांची तेथे तपासणी झाली. चालण्याने स्नायूंना होणारी इजा तिन्ही गटांत सारखीच आढळली. देहूहून निघालेली पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात पहिला मुक्काम करते आणि आळंदीची पालखी पुण्यानंतर दिवे घाट चढते. त्या वाटेवर चालणाऱ्या हृदयरुग्णाने केवळ वारीसाठी गोळी सोडण्याचे कारण या अभ्यासात सापडत नाही. वारीस निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला मात्र घेतलाच पाहिजे.

गंभीर इजा अत्यंत विरळ असली तरी ती काल्पनिक नाही. सेरिव्हास्टॅटिन हे औषध स्नायू विरघळून झालेल्या मृत्यूंमुळे २००१ साली जगभरच्या बाजारातून मागे घ्यावे लागले. स्नायूंत तीव्र वेदना, हातपाय उचलता न येणे आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, कारण मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते. मोठी मात्रा, उतारवय, मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइडची न्यूनता, तसेच क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके सोबत घेणे यांमुळे धोका वाढतो.

साध्या दुखण्यात डॉक्टर मात्रा कमी करतात, स्टॅटिन बदलतात किंवा काही आठवडे थांबवून पुन्हा सुरू करतात. त्यासाठी क्रिएटिन कायनेज ही रक्तचाचणी सांगितली जाते. भाताची लावणी किंवा जड माल उचलण्याचे काम केल्यानंतरही हा आकडा गोळीविना वाढतो. म्हणून आदल्या दोन-तीन दिवसांत केलेले श्रम डॉक्टरांना सांगावेत व शक्य झाल्यास विश्रांतीनंतरच रक्त द्यावे.