महागड्या नावाची स्वस्त पावडर आणि धर्माबादचे पाणी

कपडे धुण्याच्या पावडरीचा एखादा नामांकित आणि महाग ब्रँड त्याच नावाखाली कमी किमतीचे नवे पाकीट बाजारात आणतो, तेव्हा ग्राहकाच्या हाती नाव जुनेच पडते, परंतु आतील पावडर जुनीच असेल याची खात्री नसते. पावडरीतून काय वगळून किंमत उतरवली गेली, हे वेष्टनावर क्वचितच छापलेले असते आणि त्याचा उलगडा अखेर धुण्याच्या बादलीतच होतो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत वसलेले धर्माबाद हे अशा पावडरीची परीक्षा घेण्यास अत्यंत योग्य गाव आहे, कारण येथे बोअरचे क्षारयुक्त पाणी, लाल मिरचीचा मोठा व्यापार आणि स्वयंपाकातील हळद अशा तीन कसोट्या एकाच बादलीत एकत्र येतात.

या व्यवसायाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. हिंदुस्तान लिव्हरने १९५९ मध्ये सर्फ आणले; १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत हाताने मिसळलेली निरमा पावडर सायकलवरून, सर्फच्या साधारण एक-चतुर्थांश भावात विकण्यास आरंभ केला; तिला उत्तर म्हणून १९८७ च्या सुमारास हिंदुस्तान लिव्हरचे व्हील आले आणि १९९१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने एरियल आणले. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर कविता चौधरी यांनी साकारलेल्या ललिताजी अर्धा किलो सर्फ एक किलो साध्या पावडरीइतके काम करते असा युक्तिवाद करीत. तो जाहिरातीचा युक्तिवाद असला तरी पावडर वजनावर न तोलता तिने केलेल्या कामावर तोलावी, हे त्यातील तत्त्व आजही ग्राह्य आहे.

महाग नावाच्या स्वस्त पाकिटाचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे टाइड नॅचरल्स. डिसेंबर २००९ च्या सुमारास प्रॉक्टर अँड गॅम्बलने ही पावडर मूळ टाइडपेक्षा सुमारे ३० टक्के कमी किमतीत, म्हणजे किलोला ५० रुपयांच्या आसपास, बाजारात आणली आणि तिच्या जाहिरातीत लिंबू व चंदन यांचा तसेच हातांना सौम्य असण्याचा उल्लेख ठळकपणे केला. हिंदुस्तान युनिलिव्हरने (पूर्वीच्या हिंदुस्तान लिव्हरने) मद्रास उच्च न्यायालयात या जाहिरातीला आव्हान दिले, तेव्हा ही पावडर कृत्रिम द्रव्यांचीच असल्याचे उत्पादक कंपनीने मान्य केले आणि न्यायालयाने जाहिरातीत बदल करण्यास सांगितले. पाठोपाठ फेब्रुवारी २०१० च्या अखेरीस हिंदुस्तान युनिलिव्हरच्याच रिनने टाइड नॅचरल्सचे पाकीट उघडपणे दाखवून तुलना करणारी जाहिरात दूरचित्रवाणीवर आणली आणि तिचे प्रक्षेपण कलकत्ता उच्च न्यायालयाने थांबवले. रिनची किंमतही याच काळात खाली आणण्यात आली. या वादात दोन्ही बाजूंचा भर सुगंध आणि शुभ्रता यांवरच राहिला, आणि कोणत्या पाण्यात कोणती पावडर किती काम करते, हा ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडला.

पावडर स्वस्त कशी होते, हे समजण्यासाठी तिचे घटक माहीत असणे आवश्यक आहे. मळ सोडवणारे मुख्य द्रव्य पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या लिनिअर अल्किल बेंझीनपासून तयार होते. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे त्याचे उत्पादन होते आणि त्यापासून बनणाऱ्या दाट, तपकिरी आम्लद्रव्याला लहान उत्पादक ॲसिड स्लरी म्हणतात. त्याच्या रेणूचे एक टोक तेलाकडे आणि दुसरे पाण्याकडे ओढ घेणारे असल्यामुळे तेलकट मळ कापडापासून सुटतो. दुसरा घटक बिल्डर, म्हणजे पाण्यातील चुन्याला आवर घालून मुख्य द्रव्याला मोकळे ठेवणारा साहाय्यक. धुण्याचा सोडा हा त्यातला सर्वांत स्वस्त, तर झिओलाइट आणि फॉस्फेट हे महाग. यांशिवाय विकर, म्हणजे घाम, रक्त, दूध, डाळ यांचे डाग विघटित करणारी जैविक द्रव्ये, आणि कापडाला निळसर चकाकी देणारी प्रकाशवर्धके असतात. उरलेली जागा मीठ, सोडियम सल्फेट, कधी डोलोमाइट वा कॅल्साइटची भुकटी यांनी भरली जाते. किंमत उतरवायची तर मुख्य द्रव्य कमी करणे, महाग बिल्डरच्या जागी सोडा वाढवणे, विकर गाळणे आणि भर वाढवणे, एवढेच मार्ग उत्पादकापुढे असतात. पावडरीतील निळे-हिरवे ठिपके मात्र बहुधा टिकून राहतात, कारण रंगवलेल्या क्षाराच्या त्या कणांना खर्च अल्प येतो आणि ग्राहकाचा विश्वास त्यांवरच बसलेला असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ४९५५ क्रमांकाच्या मानकात घरगुती धुलाई पावडरींच्या तीन श्रेणी ठरवून दिलेल्या आहेत. ही श्रेणी प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापली गेली, तर सुगंधाच्या चर्चेची गरजच उरणार नाही.

आता पाण्याकडे वळले पाहिजे, कारण या विषयातील खरी निर्णायक गोष्ट तीच आहे. मराठवाड्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर वसलेला असला, तरी नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात ग्रॅनाइट आणि नाईस हे अतिप्राचीन खडक लागतात. त्यांच्या भेगांतून खोलवर मुरलेले पाणी वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते, आणि असे पाणी जड होते. ज्या घरी तुरीची डाळ लवकर शिजत नाही, त्या घरी साबणालाही फेस येत नाही, हे मराठवाड्यातील गृहिणींचे निरीक्षण शास्त्रशुद्ध आहे. डाळीच्या पेशींना एकत्र बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला पाण्यातील कॅल्शियम अधिक घट्ट करते आणि साबणाच्या रेणूंशी तेच कॅल्शियम जोडले जाऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. डाळ गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या लातूरच्या परिसरातही एकच डाळ दोन विहिरींच्या पाण्यात निरनिराळी शिजते, त्यामागे हेच कारण असू शकते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅम अशी आहे. उदाहरणादाखल ४०० मिलिग्रॅम जडपणाचे पाणी घेतले, तर २० लिटरच्या बादलीत चुन्याच्या हिशेबाने ८ ग्रॅम क्षार असतात. रासायनिक समीकरणानुसार एवढे क्षार निष्प्रभ होण्यासाठी सुमारे ४९ ग्रॅम शुद्ध साबण वाया जातो, आणि त्यानंतरच पहिला टिकाऊ फेस दिसतो. हेच काम धुण्याच्या सोड्याने करायचे तर त्याचे सुमारे साडेआठ ग्रॅम पुरतात. साबणाच्या वडीकडून पावडरीकडे वळलेल्या जड पाण्याच्या प्रदेशांना पावडर का मानवली, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. स्वस्त पावडरीत सोडा भरपूर असतो, म्हणजे ती जड पाण्यापुढे हतबल ठरते असे म्हणता येत नाही. अडचण पुढच्या टप्प्यावर येते: सोडा चुन्याला पाण्यातून बाहेर काढतो खरा, परंतु तो चुना बारीक कणांच्या रूपाने कापडाच्या धाग्यांवरच बसतो, आणि कित्येक धुण्यांनंतर टॉवेल खरखरीत, पांढरा सदरा करडा आणि गडद लुगडे धुरकट दिसू लागते. महाग पावडरीतील झिओलाइट चुन्याला आपल्या जाळीत अडकवून ठेवते आणि सोबतची बहुवारिके (पॉलिमर) सुटलेला मळ व चुना पुन्हा कापडावर बसू देत नाहीत. पहिल्या धुण्यात दोन्ही पावडरींत फारसा फरक न दिसण्याचे आणि दोन महिन्यांनी तो ठळक होण्याचे कारण हेच आहे.

नदीचे पाणी बोअरच्या तुलनेत बहुधा हलके असते. धर्माबाद तालुक्यातच गोदावरीवर बाभळी बंधारा उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात त्याची दारे उघडी ठेवावी लागतात आणि २.७४ अब्ज घनफूट साठवणक्षमतेचा हा बंधारा पावसाळ्याच्या ऐन भरात पाणी अडवू शकत नाही. हा विषय पाणीवाटपाचा आहे आणि त्याची सविस्तर चर्चा येथे अप्रस्तुत ठरेल, परंतु नदीच्या काठी राहूनही गावांना जमिनीखालच्या जड पाण्यावर विसंबावे लागते, याचा परिणाम शेतीइतकाच धुण्यावरही होतो.

पाण्यानंतर डाग. धर्माबादच्या बाजारात वाळलेल्या मिरचीचे ढीग, देठ खुडणाऱ्या मजूर स्त्रिया आणि कांडप गिरण्यांतून उडणारी लाल भुकटी हे दृश्य परिचयाचे आहे. मिरचीचा लाल रंग कॅप्सँथिन आणि त्याच्या जातकुळीतील कॅरोटीन-सदृश द्रव्यांचा असतो. ती पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून कोरड्या कपड्यावरील भुकटी पाणी लागण्यापूर्वीच झटकून टाकली तर तिचा बराचसा भाग निघून जातो, पण तीच तर्रीच्या तेलातून कापडावर आली की तेल निघाल्याशिवाय रंग निघत नाही. येथे पावडरीतील मुख्य द्रव्याचे प्रमाण निर्णायक ठरते आणि सोड्याची भर उपयोगी पडत नाही. शिवाय दिवसभर मिरची हाताळून आग होणाऱ्या हातांनी संध्याकाळी सोडायुक्त पाण्यात कपडे चोळावे लागतात, हा या मजूर स्त्रियांच्या वाट्याला येणारा जाच स्वस्त पावडरीच्या किमतीत कोणीही मोजत नाही. त्वचेचे नैसर्गिक तेल सोडा काढून टाकतो आणि भेगा पडलेल्या त्वचेला तिखट अधिक झोंबते. हातांना सौम्य असल्याचा दावा जाहिरातीत करणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने तो अशा हातांवर सिद्ध करून दाखवला पाहिजे.

हळदीची कथा याहून विलक्षण आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत हळदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असून या पट्ट्यात हळदीविना स्वयंपाक होत नाही. हळदीतील कुर्कुमिन हे द्रव्य आम्लात पिवळे आणि अल्कलीत तांबडे दिसते. त्यामुळे वरणाचा डाग पडलेला पांढरा सदरा पावडरीच्या पाण्यात बुडवताच डाग लालभडक होतो आणि पावडरीने कपडा बिघडवला असा समज होतो. प्रत्यक्षात कपडा स्वच्छ पाण्यात खंगाळून त्यावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. हळदीत बुडवून वाळवलेली कापडाची चिंधी ही घरगुती दर्शकपट्टी आहे, कारण खंगाळलेल्या शेवटच्या पाण्यातही ती तांबूस होत असेल, तर कपड्यात सोडा शिल्लक राहिला आहे असे समजावे. पिवळा डाग मात्र कोणत्याही पावडरीपेक्षा मराठवाड्याच्या उन्हाने अधिक खात्रीने जातो, कारण सूर्यप्रकाशात कुर्कुमिनचे विघटन होते. मिरचीचा रंगही उन्हात फिकट होतो. पावडरीच्या श्रेयाचा मोठा हिस्सा अंगणातील दोरीवरच्या उन्हाला दिला गेला पाहिजे, असे म्हणणे येथे अतिशयोक्त ठरणार नाही.

फेसाचा मुद्दा पाण्याच्या टंचाईशी जोडलेला आहे. फेस आणि स्वच्छता यांचा थेट संबंध नाही, परंतु फेस जितका अधिक, तितके तो घालवण्यास पाणी अधिक. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून जलदूत ही रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा पहिल्या फेरीत ५ लाख लिटर पाणी आले होते; ज्या प्रदेशाने ते दिवस पाहिले, तेथे एका खंगाळणीची बचत हाही पावडरीचा गुण मानावा लागतो. कमी फेसाचे तंत्र एकविसाव्या शतकाच्या आरंभी सर्फ एक्सेल क्विक वॉशच्या रूपाने दोन बादल्या पाणी वाचवण्याच्या दाव्यासह आले होते. ते मुख्यतः महाग पाकिटातच आले, आणि पाण्याची टंचाई ज्यांना सर्वांत अधिक भोगावी लागते त्या घरांपर्यंत ते पोहोचणे अधिक आवश्यक होते.

नव्या पाकिटाची परीक्षा घ्यावयाची, तर ती शिस्तीने घेतली पाहिजे. एकाच जुन्या पांढऱ्या चादरीचे तुकडे करून त्यांवर तर्री, हळद आणि चहा यांचे सारखे डाग पाडावेत व ते रात्रभर मुरू द्यावेत. पावडर चमच्याने न मोजता काट्यावर तोलावी, कारण उष्ण हवेत फवारून वाळवलेली पावडर हलकी व पोकळ असते, तर नुसती मिसळून केलेली पावडर जड असते आणि एकाच चमच्यात तिचे वजन अधिक भरते. एक तुकडा महाग पावडरीत, दुसरा नव्या स्वस्त पावडरीत आणि तिसरा नुसत्या पाण्यात सारखा वेळ भिजवावा. तुकडे आधी सावलीत वाळवून निरखावेत, कारण उन्हात वाळवल्यास श्रेय कोणाचे हे ठरवता येत नाही. दोन बाटल्यांपैकी एकीत बोअरचे आणि दुसरीत शुद्धीकरण केलेले जारचे पाणी घेऊन दोहोंत चिमूटभर पावडर घालून हलवली, तर आपले पाणी किती पावडर खाते हे डोळ्यांना दिसते. जारच्या पाण्याच्या बाटलीत रात्रभरात तळाशी जो गाळ बसतो, तो बहुधा न विरघळणारी भर मानावा; महाग पावडरीत मात्र तो झिओलाइटही असू शकतो. किमतीची तुलना पाकिटाच्या १० रुपयांवर न करता प्रतिग्रॅम दरावर करावी, कारण लहान पाकिटात किंमत स्थिर ठेवून वजन घटवण्याची प्रथा सार्वत्रिक आहे.

अशा कसोटीतून निघणारा निर्णय घराघरांत भिन्न असू शकतो, तरीही धर्माबादच्या बोअरच्या पाण्यापुरते एक मत निःसंकोच मांडता येते. शेतातले, गिरणीतले आणि रोजच्या वापराचे रंगीत कपडे महाग नावाच्या स्वस्त पावडरीत धुण्यास हरकत नाही. पांढरे कपडे, लहान मुलांची अंगडी आणि टॉवेल तिच्यात नियमित धुऊ नयेत. ज्यांना सर्वच कपड्यांसाठी तीच वापरावी लागते, त्यांनी बादलीभर पाण्यात आधी दोन लहान चमचे धुण्याचा सोडा विरघळवून ते रात्रभर ठेवावे, तळाचा चुना न ढवळता वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे आणि मगच त्यात, नेहमीपेक्षा कमी, पावडर घालावी.