गेम कलाकाराचा पहिला पगार : कागदावर किती, हाती किती?

चित्रकलेची आवड असलेल्या मुलाने वा मुलीने ‘गेमिंग’ क्षेत्रात जाण्याचे ठरवले की घरातून पहिला प्रश्न येतो तो पगाराचा. प्रशिक्षणाचे शुल्क लाखांच्या घरात आणि त्यासाठी अनेकदा काढलेले कर्ज पाहता तो गैरवाजवीही नाही. मात्र त्याचे उत्तर शोधताना हाती लागतात ते बहुधा परदेशातील आकडे. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये तेथील स्पेशल इफेक्ट्स कलाकार व ॲनिमेटर यांचे मध्यक वेतन वर्षाला ९९,०६० डॉलर होते. रुपयांत ही रक्कम ऐंशी लाखांवर जाते. परंतु मध्यक म्हणजे निम्म्यांना त्याहून अधिक व निम्म्यांना कमी. त्यात चित्रपटसृष्टीतील आणि दीर्घ अनुभव असलेले कलाकारही मोडतात. पुण्यात वा बंगळुरूत पहिली नोकरी शोधणाऱ्याला या आकड्याचा काहीच उपयोग नाही.

काम कोणते, त्यावर मोल

भारतात गेमकलेचा व्यवसाय वाढला तो मुख्यतः परदेशी कंपन्यांसाठी केलेल्या कामातून. बंगळुरूची ‘ध्रुव इंटरॲक्टिव्ह’ १९९७ मध्ये, तर ‘लक्ष्य डिजिटल’ २००४ मध्ये सुरू झाली. २००८ मध्ये फ्रान्सच्या ‘युबिसॉफ्ट’ने पुण्यातील स्टुडिओ ताब्यात घेतला. ‘ध्रुव’ २०१९ मध्ये ‘रॉकस्टार गेम्स’कडे गेली.

बाहेरून काम घेणाऱ्या स्टुडिओला मोटार, इमारत, शस्त्र, पात्राचा पोशाख अशा घटकांचे पैसे ठरलेल्या दराने मिळतात. नवोदिताचे काम ज्येष्ठाला तपासून दुरुस्त करावे लागते. त्यामुळे पहिले वर्ष स्टुडिओच्या लेखी कमाईपेक्षा शिकवणीचे असते आणि पगारही त्याच हिशेबाने ठरतो. नवोदिताला साधारणतः वर्षाला अडीच ते साडेचार लाख रुपये अपेक्षित धरता येतात. बहुराष्ट्रीय स्टुडिओत उत्तम पोर्टफोलिओच्या बळावर यापेक्षा अधिक मिळू शकते, छोट्या स्टुडिओत वा इंटर्नशिपच्या काळात कमी.

कलाकारांतही भेद आहेत. कन्सेप्ट आर्टिस्टची जागा अनेकांना हवी असते, पण अशा जागा मोजक्याच. थ्रीडी मॉडेलिंग व टेक्सचरिंगमध्ये नवख्यांना तुलनेने लवकर प्रवेश मिळतो. कला आणि प्रोग्रामिंग या दोहोंची जाण असणारे टेक्निकल आर्टिस्ट दुर्मीळ, म्हणून त्यांचे मोल अधिक. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’सारखा स्वतःचा गेम घडवणाऱ्या छोट्या चमूत कलाकाराला अनेक प्रकारची कामे शिकता येतात, पण अशा ठिकाणी पगाराचे स्थैर्य गुंतवणुकीवर अवलंबून असते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, तेव्हा त्या कंपन्यांतील अनेक नोकऱ्या गेल्या. म्हणजे कंपनीचा पैसा कोठून येतो, हेही पाहणे आले.

‘पॅकेज’चा हिशेब

नियुक्तिपत्रातील आकडा आणि बँकेत जमा होणारी रक्कम यांत अंतर असते. उदाहरणार्थ, ३ लाख ६० हजारांचे पॅकेज म्हणजे महिना ३० हजार. त्यात मूळ वेतन १५ हजार धरले, तर भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा १,८०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२० रुपये पॅकेजमध्येच मोजली जाते. उरलेल्या २७,४८० रुपयांतून कर्मचाऱ्याचा स्वतःचा १,८०० रुपयांचा वाटा आणि महाराष्ट्रात २०० रुपये व्यवसाय कर वजा होतो. हाती येतात सुमारे २५,४८० रुपये. विमा वा वार्षिक बोनसही पॅकेजमध्ये धरला असल्यास ही रक्कम आणखी घटते. परगावाहून येणाऱ्याने खोलीचे भाडे, खानावळ आणि कर्जाचा हप्ता या रकमेशी ताडून पाहावा, पॅकेजशी नव्हे.

करारावरील नोकरी असल्यास आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यालाही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो.

सही करण्यापूर्वी

निवडीआधी अनेक स्टुडिओ ‘आर्ट टेस्ट’ देतात. काही दिवसांत एखादी वस्तू वा पात्र तयार करून द्यायचे असते आणि त्याचे बहुधा पैसे मिळत नाहीत. टेस्टचे काम कंपनी वापरणार आहे का व ते स्वतःच्या पोर्टफोलिओत ठेवता येईल का, हे आधीच विचारून घ्यावे.

दुसरा मुद्दा बाँडचा. ‘हा नुसता कागद’ असे सांगितले जाते, परंतु तसे समजणे धोक्याचे. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. प्रत्येक बाँड टिकेलच असे नाही, मात्र मुदत आणि रक्कम वाचल्याशिवाय सही करू नये.

तिसरी अट गोपनीयतेची. गेम बाजारात येईपर्यंत, कधी त्यानंतरही, त्यातील काम इतरांना दाखवता येत नाही. दोन वर्षे राबूनही पोर्टफोलिओ कोराच, अशी वेळ येऊ शकते. दुसऱ्या नोकरीचा पगार मात्र त्यावरच ठरतो. म्हणून नोकरी सांभाळून स्वतःची थोडी कामे करीत राहणे आणि गेमच्या श्रेयनामावलीत नाव येणार का, हे विचारणे अगत्याचे. दोन-तीन हजारांच्या फरकापेक्षा हाताखाली शिकवणारा ज्येष्ठ कलाकार आणि दाखवता येईल असे काम, या दोन गोष्टी पहिल्या नोकरीत अधिक मोलाच्या ठरतात. अर्थात, महिन्याचा खर्च भागत असेल तरच.