आंतीबमध्ये रिकामं घर भाड्यानं घेताना

फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, नीस आणि कान यांच्या मधे आंतीब हे जुनं बंदराचं गाव आहे. जवळच्या सोफिया आंतिपोलिस या तंत्रज्ञान-वसाहतीत शिकायला किंवा नोकरीला आलेले बरेच जण इथं घर शोधतात. त्यांत भारतीयही असतात. त्यांचा ओढा सहसा सामानासकटच्या घराकडे असतो: बॅग घेऊन जायचं आणि राहायचं. पण लांब राहायचं असेल, तर आधी रिकाम्या घराचा विचार करा.

कारण आहे उन्हाळा. फर्निचर असलेलं घर विद्यार्थ्याला ९ महिन्यांच्या करारानं देता येतं. सप्टेंबर ते मे विद्यार्थी, पुढे पर्यटक, असं गणित किनाऱ्यावरचे अनेक घरमालक मांडतात. म्हणजे ऐन मोसमात तुम्ही रस्त्यावर. रिकाम्या घराला ६ जुलै १९८९ चा कायदा लागू होतो. मालक व्यक्ती असेल तर करार सहसा किमान ३ वर्षांचा असतो आणि मुदत संपली तरी आपोआप पुढे चालतो. घर परत हवं असेल, तर मालकाला मुदतीच्या किमान ६ महिने आधी नोटीस द्यावी लागते, आणि तीही घर विकायचं असेल, स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला राहायचं असेल, किंवा भाडं थकवण्यासारखं सबळ कारण असेल तरच. आपल्याकडे दर अकरा महिन्यांनी करार नवा करण्याची धास्ती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना याची किंमत सांगायला नको. भाडेकरूला मात्र केव्हाही निघता येतं. एरवी ३ महिन्यांची नोटीस लागते. आंतीब घरटंचाईच्या यादीत असल्यानं इथं १ महिना पुरतो, पण नोटिशीत ते कारण लिहायला हवं.

घर बघायला जाण्याआधी कागदपत्रं जुळवून ठेवा: ओळखपत्र, नोकरीचा करार, शेवटच्या ३ पगारपावत्या, प्राप्तिकराची नोटीस. पगार भाड्याच्या तिप्पट असावा, असा रिवाज आहे. जामीनदार नसेल तर ३० वर्षांपर्यंतच्यांना ‘व्हिसाल’ ही मोफत हमी मिळू शकते. मालक बँकेचं स्टेटमेंट मागू शकत नाही. करारावर सही होण्याआधी कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. अनामत फक्त १ महिन्याचं भाडं, तेही सामाईक खर्च वगळून.

रिकामं म्हणजे खरंच रिकामं. स्वयंपाकघरात कित्येकदा नुसतं सिंक आणि नळ असतो. फ्रिज, शेगडी, कपाट, कधी कधी दिव्याची शेडही आपणच आणायची. हा खर्च हिशोबात धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचा दिवस. चावी मिळताना घराच्या स्थितीचा कागद भरतात, त्याला ‘एता दे लिय’ म्हणतात. इथं घाई करू नका. प्रत्येक लाकडी झडप उघडून-मिटून बघा, खाऱ्या हवेनं बिजागऱ्या गंजतात. नळ सोडून गरम पाणी यायची वाट बघा. बाथरूमच्या छताच्या कोपऱ्यात आणि उत्तरेकडच्या भिंतीच्या पायथ्याशी टॉर्च मारा. तिथं काळपट ठिपके दिसले तर ती बुरशी, आणि ती कागदावर यायलाच हवी. ‘ठीक’ एवढाच शब्द मान्य करू नका. ‘खिडकीखाली तळहाताएवढा ओलावा’ असं लिहून घ्या, फोटो काढा. नंतर काही सापडलं, तर १० दिवसांत या कागदात दुरुस्ती मागता येते.

चावीआधी भाडेकरूचा घरविमा काढा, त्याचा दाखला दाखवावा लागतो. वीजजोडणी स्वतःच्या नावावर घ्या. भाड्याची पावती मागितली की मोफत मिळते. ती दर महिन्याला मागून जपून ठेवा.

घर सोडताना तोच कागद पुन्हा बाहेर येतो आणि खोली-खोली ताडून पाहिली जाते. वापरानं झालेली साधी झीज तुमच्या माथी मारता येत नाही. दोन्ही नोंदी जुळल्या तर चावी दिल्यापासून १ महिन्यात अनामत परत मिळते, फरक असेल तर २ महिन्यांत. मालकानं उशीर केला, तर सुरू झालेल्या प्रत्येक महिन्यामागे भाड्याच्या १० टक्के रक्कम तुमच्या हक्काची. पहिल्या दिवशी टॉर्च घेऊन भिंतीशी वाकण्यात गेलेला तास तेव्हा वसूल होतो.